किती आणे दुखतंय, अण्णा?

डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार.
आम्ही सुदामा नगरला राहतो. माझे सासरे अण्णा, वय 79. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आता तो कमरेच्या आणि पाठीच्या हाडांत गेलाय. अण्णा बँकेत होते, उमेदीची सहा वर्षं मंदसौरला काढली. रंगपंचमीपासून घराबाहेर पडलेले नाहीत. डॉक्टरांनी मॉर्फीन दिलं होतं, दर सहा तासांनी अर्धी गोळी, आणि पोट साफ व्हायचं औषध. पहिला आठवडा छान गेला. स्वतः अंघोळ केली, ओट्यावर बसून पेपर वाचला. मग पुण्याचे भाऊजी फोनवर म्हणाले, ती अफू आहे, सवय लागेल, अगदीच सहन झालं नाही तर द्या. अण्णांचंही तेच, "मला अफीमची करू नका." म्हणून मागतील तेव्हाच देऊ लागले. पोट साफ व्हायचं औषध मी आधीच बंद केलं होतं. मग पाच दिवस पोट साफ झालं नाही आणि एका रात्री ते वारलेल्या आत्यांशी बोलत बसले. घाबरून गोळी बंदच केली. आता कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली पेनकिलर देतो, दिवसातून दोनदा, कधी तीनदा. विचारलं की म्हणतात, काही नाही, ठीक आहे. पण रात्र खुर्चीत बसून काढतात. माझं चुकतंय का? त्या गोळीनं शेवट लवकर येतो का? हल्ली पायही नीट उचलत नाहीत, पण वय झालंच आहे म्हणा.
— एक सून, इंदूर

ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि बाकी सगळं बाजूला ठेवून तुम्हाला फोन लावला, ते तुम्हाला ठाऊक आहे. इतरांसाठी लिहिते. ज्याचा कॅन्सर मणक्यात आहे त्याचे पाय जड पडू लागले, तर ते वयाच्या खात्यावर टाकायचं नाही. गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते. पायातलं बळ कमी होणं, कमरेखाली बधिर वाटणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, पाठीचं दुखणं आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढणं, यातलं काहीही नव्यानं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सोमवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. माणूस चालत असताना उपचार सुरू झाले तर चालणं बहुतेक टिकतं. पाय पुरते गेल्यावर ते परत येणं अवघड.

तुम्ही त्याच संध्याकाळी एमआरआय करून घेतलात. दाब यायला सुरुवात झाली होती. स्टेरॉइड लगेच सुरू झालं, दुसऱ्या दिवशी रेडिएशन, म्हणजे आपल्याकडचा 'शेक'. अण्णा काठी टेकत का होईना चालतायत, हे परवा तुमच्या यजमानांनी कळवलं. बरं वाटलं. एवढंच लक्षात ठेवा, की शेकानं दुखणं त्याच दिवशी थांबत नाही. एक-दोन आठवडे, कधी तीन-चारही लागतात, आणि पहिले दोन-तीन दिवस ते उलट वाढू शकतं. त्या दिवसांत "शेक देऊनही काही उपयोग नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

आता तुमचा खरा प्रश्न.

'मागतील तेव्हा देऊ' यात प्रेम आहे, काळजी आहे, आणि नेमकं तिथंच गाडं अडलंय. अण्णांच्या पिढीतला माणूस दुसरी पोळीसुद्धा तीनदा आग्रह केल्याशिवाय घेत नाही. तो दुखण्याची गोळी मागेल? मागायचं म्हणजे आधी सांगावं लागणार की दुखतंय. दुखतंय म्हटलं की घरातल्यांचे चेहरे उतरणार, सून रात्रीची उठणार, मुलगा रजा टाकणार, पुण्याहून फोन येणार. आणि मनात एक गुपचूप हिशेब चालू असतोच: दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला, तो उच्चारायलाच नको. त्यापेक्षा 'ठीक आहे' सोपं.

हे मला कुठल्याही पुस्तकानं शिकवलेलं नाही. मी तीस वर्षं भूल देण्याचं काम केलं, परक्यांच्या वेदना थांबवण्यावर घर चालवलं, आणि माझी आई आजारी पडली तेव्हा तिला विचारायचे, "आई, गोळी देऊ का?" ती म्हणायची, "राहू दे गं, तुला उद्या ड्यूटी आहे." पदराचं टोक दातात धरलेलं असायचं. ते मला दिसत होतं, आणि तरी मी तिच्या 'राहू दे'ला उत्तर समजून चालले. तेव्हा 'किती दुखतंय' असं विचारायचं सुचलं नाही, हे अजून सलतं.

म्हणून गोळी घड्याळाला बांधायची. साधी मॉर्फीनची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या तासात काम करू लागते, तासाभरात तिचा पूर्ण जोर असतो आणि चार तासांनी ओसरते. वृद्धांत ती शरीराबाहेर हळू पडते म्हणून डॉक्टरांनी तुम्हाला सहा तासांचं अंतर दिलं असावं. दुखणं चढल्यावर गोळी दिली तर ते उतरवायला जास्त औषध लागतं, आणि मधल्या वेळेत माणूस पिळवटून निघतो. आधीची ओसरायच्या आत पुढची गेली तर कमी औषधात भागतं. थोडं थोडं देऊन आपण औषध वाचवतोय असं तुम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात अण्णा रोज नव्यानं डोंगर चढत होते. पुन्हा गोळी सुरू झाली की वेळा पाच आणि अकरा धरा, सकाळ-दुपार आणि संध्याकाळ-रात्र. रात्री अकराची देऊन तुम्हालाही पाठ टेकता येते.

आणि एक जास्तीचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. वेळेच्या मध्येच कळ उठली तर, किंवा अंघोळ, ड्रेसिंग, गाडीत बसणं अशी हमखास दुखवणारी कामं करण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास. हा डोस बहुधा दिवसभराच्या एकूण औषधाच्या सहाव्या हिश्श्याइतका ठरवतात, पण आकडा तुमच्या डॉक्टरांचाच घ्या. तो किती वेळा लागला ते लिहा. दिवसातून तीन-चारदा लागत असेल तर नेहमीचा डोस कमी पडतोय एवढाच त्याचा अर्थ.

लिहायचं कुठे? तुमच्याकडे भिंतीवर कालनिर्णय असेलच. दुधाचा हिशेब लिहितो तसं त्याच चौकोनात. आणि आकडा विचारायचा तो शून्य ते दहात विचारू नका. डॉक्टर तसंच विचारतात, पण जुन्या माणसांना ते परीक्षेच्या मार्कांसारखं वाटतं आणि नम्रपणानं सगळे चार-पाच सांगतात. मी आण्यांत विचारते. "अण्णा, सोळा आण्यांतलं आज किती आणे दुखतंय?" बँकेतला माणूस, लहानपणी आणे हाताळलेला, बघा, लगेच "दहा आणे" म्हणतील, वर "काल बारा होतं" हेही सांगतील. बसून किती आणि उठताना किती, हे वेगवेगळं विचारा. हाडाच्या दुखण्यात सगळी गोम उठण्यात असते.

दुसरं म्हणजे शब्द. अण्णा घरात काय म्हणतात आणि ओपीडीत काय म्हणतात, एकदा लक्ष देऊन ऐका. आपण इंदूरची माणसं, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदीत जातो. घरी 'ठणकतंय', 'चमक मारतेय', 'आग होतेय', 'मुंग्या येतायत' म्हणणारा माणूस डॉक्टरांसमोर "थोडा दर्द है" एवढं बोलून मोकळा होतो. हिंदीत शब्द नाहीत असं नव्हे, पण दुखणं माणूस आईच्या भाषेतच भोगतो. आणि डॉक्टरला हवे असतात ते नेमके हेच फरक. खोल, एका जागी, दाबलं की वाढणारा ठणका बहुधा हाडाचा. त्याला शेक, स्टेरॉइड, हाडं बळकट करणारी इंजेक्शनं असे उपाय असतात. कमरेतून पायात जाणारी चमक, करंट, आग, पांघरूणही नको वाटणं, हे नसेचं दुखणं. ते मॉर्फीननं अर्धवटच शमतं, त्याला गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं लागतात, वृद्धांत अगदी कमी डोसपासून, कारण त्यांनी झोकांड्या जातात आणि पडून मांडीचं हाड मोडलं तर नवंच संकट. पोटातली येऊन-जाऊन पिळवटणारी कळ, ती तिसरीच. तेव्हा अण्णांचे मराठी शब्द जसेच्या तसे कागदावर लिहून न्या आणि डॉक्टरांना तुम्ही समजावून सांगा. ते "काही नाही" म्हणत असतील त्या दिवशी कपाळाची आठी, ताटात उरलेला भात आणि नातवावर विनाकारण केलेली चिडचिड, हेही लिहा.

आता अफू.

अण्णांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्यानं मंदसौरला सहा वर्षं काढली त्यानं अफूचं शेत पाहिलंय, फेब्रुवारी-मार्चमधली बोंडांची चिराई पाहिलीय, आणि अमलात बसलेली माणसंही पाहिलीत. ते खोटं नव्हतं. आणि भाऊजी म्हणतात ते शब्दशः खरंच आहे, मॉर्फीन त्याच चिकातून निघतं. (अनारशाला लावायची खसखस त्याच बोंडातली, पण त्यावर कुणी आक्षेप घेत नाही.) माळव्यातली ही शेती सरकारी परवान्यावर चालते, परवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरला आहे आणि चिकावर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना नीमचला. म्हणजे जगातल्या फार जुन्या वेदनाशामकाचा कच्चा माल आपल्यापासून दोन-अडीचशे किलोमीटरवर, आणि इंदुरातला म्हातारा रात्र खुर्चीत काढतोय. याला 1985 चा अमली पदार्थांचा कायदाही बराचसा जबाबदार. त्याच्या शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट, की दवाखान्यांनी आणि औषधवाल्यांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. माझ्या नोकरीच्या काळात एका मोठ्या रुग्णालयात ते कुलुपात असायचं आणि किल्लीवाला माणूस पाचला घरी जायचा. 2014 मध्ये कायदा बदलला, मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. पण लोकांच्या मनातला कायदा अजून 1985 चाच आहे.

अण्णांना असं विचारा: मंदसौरला पाहिलेला तो माणूस अफू घेतल्यावर काय करायचा? ओट्यावर बसून राहायचा, घरदार, शेत सगळं विसरून. आणि तुम्ही पहिल्या आठवड्यात गोळी घेतल्यावर काय केलंत? अंघोळ केलीत, पेपर वाचलात. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून बरेच दिवस घेतल्यावर ते एकदम तोडायचं नाही, डॉक्टरांच्या सल्ल्यानं उतरवत आणायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच असतं. पण औषधासाठी तळमळणं, खोटं बोलणं, मनाचा ताबा सुटणं, ते व्यसन. कॅन्सरच्या वेदनेसाठी नीट मोजून घेणाऱ्या, पूर्वी कुठलं व्यसन नसलेल्या वृद्धात ते क्वचितच दिसतं.

शेवट लवकर येतो का, असं तुम्ही चाचरत विचारलंय. कमी डोसपासून सुरू करून पायरीपायरीनं वाढवलेल्या मॉर्फीननं आयुष्य घटत नाही. हा समज झाला कसा ते मात्र कळण्यासारखं आहे. पूर्वी मॉर्फीन अगदी शेवटच्या दोन दिवसांत काढायचे, मग लोकांनी मॉर्फीन आणि मरण यांची सांगड घातली. 'आत्ताच दिलं तर पुढे काय देणार' हीही तशीच भीती. पॅरासिटामॉलसारखी वरची ठराविक मर्यादा मॉर्फीनला नाही. दुखणं वाढलं तर डोस वाढवता येतो.

आता आत्यांशी बोलण्याची रात्र. तुम्ही गोळीला दोष दिलात, पण मला त्या रात्री आणखी तीन आरोपी दिसतात. फोनवर तुम्ही म्हणालात, अण्णा दुपारी चारनंतर पाणीच पीत नाहीत, रात्री उठावं लागू नये म्हणून. त्यात इंदूरचा मे महिना. त्यात मेडिकलवाल्याची पेनकिलर. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून दाखवलंत त्याप्रमाणे ती डायक्लोफेनॅक, आणि तुमच्या यजमानांच्या बोलण्यातून असं दिसलं की मॉर्फीन चालू असतानाही ती अधूनमधून जात होती. ही गोळी वृद्धांच्या किडनीला आणि पोटाला बाधते, अल्सर होऊन रक्तस्रावही होऊ शकतो. मॉर्फीनचे शरीरात जे अंश तयार होतात ते बाहेर पडतात किडनीतून. किडनी मंदावली की ते साठतात, आणि मग माणूस असंबद्ध बोलतो, भास होतात, हातपाय झटके दिल्यासारखे उडतात. भरीला पाच दिवसांचं तुंबलेलं पोट, आणि प्रोस्टेटमुळे लघवी अडलेली असेल तर तीही. एवढ्यानं तरुण माणूससुद्धा भ्रमेल.

म्हणजे डायक्लोफेनॅक आजपासून बंद. तिच्या जागी दुसरी पेनकिलर मनानं आणू नका. पॅरासिटामॉल चालेल का, किती चालेल, ते डॉक्टर सांगतील. अशक्त वृद्धाला दिवसभरात 2 ते 3 ग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं हे विसरायला होतं. पाणी दिवसा घोटघोट, ताक, पन्हं, जे आवडेल ते, आणि पलंगाशी युरीन पॉट. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या. रिपोर्टवर 'नॉर्मल'ची खूण आली तरी डॉक्टरांना वजन सांगायला विसरू नका. वाळलेल्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे क्रिएटिनिनही कमी दिसतं. 1.2 हा आकडा चाळिशीतल्या माणसाला ठीक, पण 79 वर्षांच्या, 48 किलो वजनाच्या माणसात तोच आकडा असेल तर किडनी निम्म्याहूनही कमी काम करत असू शकते. त्या आकड्यावर ठरेल की मॉर्फीनच द्यायचं, डोस कमी करून अंतर वाढवायचं, की औषधच बदलायचं. म्हणून उरलेल्या गोळ्या तुमच्या तुम्ही पुन्हा सुरू करू नका. हा फोन डॉक्टरांना आजच करा.

किडनी खरंच मंदावलेली निघाली तर फेंटानिलच्या पट्टीचा विचार होतो. फेंटानिल हे मॉर्फीनच्याच जातीचं औषध, त्याची पट्टी अंगावर चिकटवतात. पुण्याच्या भाऊजींनी तिच्याविषयी वाचलंय म्हणे. पट्टी चांगली आहे, तीन दिवस चालते. पण ती लावल्यावर परिणाम दिसायलाच बारा तास किंवा जास्त लागतात, त्यामुळे आज रात्रीच्या ठणक्यावर ती उपयोगाची नाही. आणि ज्याच्या शरीराला या औषधांची ओळखच नाही त्याला ती थेट लावत नाहीत. वरून गरम पाण्याची पिशवी ठेवली, उन्हात बसवलं किंवा ताप चढला, तर औषध भराभर आत जातं. हे धोक्याचं.

पोटाचं सांगते आणि पुढे जाते. मळमळ आणि गुंगी पहिले काही दिवस असते, मग बहुतेकांची जाते. बद्धकोष्ठ जात नाही. गोळी जोवर, तोवर पोटाचं औषध रोज, पोट साफ होत असलं तरी. 'होतंय की साफ' म्हणून तुम्ही ते थांबवलंत, तिथून सगळं बिघडत गेलं. इसबगोल मात्र यासाठी नको. पाणी कमी पिणाऱ्याच्या आतड्यात त्याचा गोळा होऊन बसतो.

घाबरायचं केव्हा, तेही सांगून ठेवते. हाक मारून, हलवूनही नीट जाग येत नाही, श्वास फार संथ झालाय, मिनिटाला आठ-दहाच्या खाली, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, तर पुढचा डोस न देता लगेच दवाखाना. आणि गोळ्या कुलुपात ठेवा. शेजारच्या काकूंचे गुडघे कितीही दुखोत, त्यांना एकही द्यायची नाही. उरल्या तर जिथून आणल्या तिथं परत.

तुमचं चुकलं का? हो, गोळी बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. पण ते सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर टाकलं कुणी? गोळी द्यायची तुम्ही, न देण्याचा सल्ला पुण्याहून, रात्रीची जाग तुमची. यापुढे कालनिर्णयवरचे आकडे तुमच्या यजमानांनी लिहायचे, आणि पुढच्या भेटीला भाऊजींनी फोनवर हजर राहून त्यांच्या सगळ्या शंका थेट डॉक्टरांना विचारायच्या. तुमच्यामार्फत नाही.

अण्णांशीही एकदा निवांत बोला, गोळीविषयी सोडून. खुर्चीत बसून काढलेली रात्र सगळीच हाडाच्या दुखण्याची नसते. बँकेतला माणूस आहे, उपचारांना किती लागले हा हिशेब त्यांच्या डोक्यात रोज होत असेल. पासबुक समोर ठेवून खरा आकडा सांगून टाका. माझा अनुभव असा, की न सांगितलेला आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा वाटतो, आणि त्या रात्री दोन आणे तरी कमी दुखतं.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट आला की मला कळवा. दुपारी दोन ते चार सोडून कधीही फोन करा, तेव्हा मी झोपलेली असते.

तुमची,
डॉक्टरबाई